व्हिडिओ चालू, जीपीयू झोपलेला: ओव्हरले प्लेन वीज कशी वाचवतात

एकच व्हिडिओ, एकच फोन, ब्राइटनेसही तेवढाच. एका ॲपमध्ये तो पाहताना बॅटरी निवांत टिकते आणि दुसऱ्या ॲपमध्ये थोड्याच वेळात फोन हाताला कोमट लागायला लागतो. अशा वेळी बहुतेकांचा संशय डिकोडरवर जातो, म्हणजे फाइलमधला दाबून बसवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागावर. पण आजच्या फोन-लॅपटॉपमध्ये नेहमीच्या फॉरमॅटचे व्हिडिओ उलगडण्याचं काम त्यासाठीच बनवलेलं स्वतंत्र सर्किट करतं, आणि ते फार काटकसरी असतं. दोन्ही ॲप तेच सर्किट वापरत असतील तर फरक पुढच्या टप्प्यावर पडतो: उलगडलेली फ्रेम स्क्रीनपर्यंत कोणत्या वाटेने जाते.

या वाटेबद्दल सहसा बोललं जात नाही. प्रोसेसर किती नॅनोमीटरचा, बॅटरी किती क्षमतेची, याची चर्चा होते. फ्रेम मेमरीत किती वेळा लिहिली आणि वाचली गेली हे कुणी विचारत नाही. माझ्या मते व्हिडिओच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारायला हवा. ओव्हरले प्लेन, म्हणजे स्क्रीनवरच्या चित्राचे एकमेकांत न मिसळता वेगळे ठेवलेले थर, जी वीज वाचवतात ती कुठलंही गणित वेगाने करून वाचवत नाहीत. मेमरीकडच्या फेऱ्या टळतात, म्हणून ती वाचते.

स्क्रीनवर चित्र येतं कसं

बहुतेक स्क्रीन दाखवलेलं चित्र स्वतःकडे साठवून ठेवत नाहीत. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर तिला सेकंदाला ६० वेळा संपूर्ण चित्र नव्याने पाठवावं लागतं, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीमागून ओळ. हे काम चिपमधला डिस्प्ले कंट्रोलर करतो. तो मुख्य मेमरीतून पिक्सेल वाचतो आणि स्क्रीनकडे जाणाऱ्या तारांवर सोडतो. समोर एखादं स्थिर पान असलं, काहीही हलत नसलं, तरी हे वाचन चालूच राहतं.

मग मेमरीत ते चित्र तयार कोण करतं? प्रत्येक ॲप आपापली खिडकी आपापल्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, रंगवतं. वरची पट्टी वेगळी, कीबोर्ड वेगळा, व्हिडिओ वेगळा. हे सगळे तुकडे एकत्र करून एक अंतिम चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामला कंपोझिटर म्हणतात. अँड्रॉइडवर सरफेसफ्लिंगर, विंडोजवर डेस्कटॉप विंडो मॅनेजर, लिनक्सवर वेलँडचे वेगवेगळे कंपोझिटर. कंपोझिटर हे काम साधारणपणे जीपीयूकडून, म्हणजे चित्रांची गणितं करणाऱ्या प्रोसेसरकडून, करून घेतो: सगळे तुकडे वाचायचे, जागच्या जागी बसवायचे, पारदर्शकता मिसळायची आणि तयार चित्र मेमरीत परत लिहायचं. डिस्प्ले कंट्रोलर ते तिथून उचलतो.

वेब पान किंवा चॅटसाठी ही पद्धत उत्तम आहे. तिथे स्क्रीनचा थोडासाच भाग अधूनमधून बदलतो. व्हिडिओत मात्र जवळजवळ प्रत्येक पिक्सेल सेकंदाला २४, ३० किंवा ६० वेळा बदलतो, आणि प्रत्येक वेळी ही सगळी ने-आण नव्याने करावी लागते.

एका फ्रेमचा हिशेब

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. फोर-के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. स्क्रीनला हवे असतात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग. मेमरीत सोयीसाठी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट दिले जातात, म्हणून तयार चित्र ३३.२ एमबीचं होतं.

डिकोडर मात्र फ्रेम या रूपात देत नाही. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तेवढ्या बारकाईने टिपत नाही. या गोष्टीचा फायदा घेऊन व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा नोंदवतात आणि रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकदाच देतात. उजेडासाठी पिक्सेलमागे १ बाइट, रंगासाठी चार पिक्सेलमागे २ बाइट, म्हणजे सरासरी दीड बाइट. या मांडणीला एनव्ही-१२ म्हणतात. या रूपात फोर-के फ्रेम १२.४ एमबीमध्ये मावते, तयार चित्राच्या निम्म्याहूनही कमी जागेत.

आता सेकंदाला ३० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ ६० हर्ट्झच्या फोर-के स्क्रीनवर पूर्ण आकारात चालला आहे असं धरू. डिकोडर सेकंदाला ३७३ एमबी लिहितो. जीपीयू तेच ३७३ एमबी वाचतो, रंग बदलून ९९५ एमबी लिहितो. डिस्प्ले कंट्रोलर प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो, म्हणून तो सेकंदाला १९९१ एमबी वाचतो. बेरीज सुमारे ३.७ जीबी, दर सेकंदाला.

बऱ्याचदा गोष्ट इथेही थांबत नाही. ब्राउझर आधी व्हिडिओ आपल्या पानात मिसळून पानाचं एक चित्र बनवतो, आणि मग कंपोझिटर ते पान वाचून स्क्रीनचं आणखी एक चित्र बनवतो. मधल्या एका जादा नकलेसाठी ९९५ एमबीचं एक वाचन आणि तेवढंच एक लेखन वाढतं. आता बेरीज ५.७ जीबीवर गेली. या सगळ्या उलाढालीत चित्रात कणभरही भर पडलेली नाही. डिकोडरने दिलं तेच चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचलं, फक्त वाटेत त्याच्या दोन नकला झाल्या.

डिस्प्ले कंट्रोलरने डिकोडरची फ्रेम थेट वाचली असती तर? डिकोडरचं लेखन ३७३ एमबी आणि कंट्रोलरचं वाचन सेकंदाला ६० वेळा १२.४ एमबी, म्हणजे ७४६ एमबी. एकूण १.१ जीबी. ५.७ आणि १.१ यांतला फरक दोन तासांत सुमारे ३३ हजार जीबी होतो. डिकोडर जुन्या फ्रेमचा आधार घेण्यासाठी जे वाचतो ते मी दोन्हीकडे धरलेलं नाही, कारण ते सारखंच असतं. प्रत्यक्ष चिपमध्ये बफर दाबून साठवण्याच्याही युक्त्या असतात, त्यामुळे खरे आकडे खाली येतात. प्रमाण लक्षात यायला हा हिशेब पुरेसा आहे.

मेमरीच्या फेऱ्यांवर एवढा भर का द्यायचा? स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेले आकडे यासाठी नेहमी दिले जातात. ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३२ बिटच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला साधारण ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. बाहेरच्या डीरॅम मेमरीतून ६४ बिट आणायला १.३ ते २.६ नॅनोज्यूल, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. त्यानंतर चिपही सुधारल्या आणि फोनमधली मेमरीही. तरी गणित स्वस्त आणि ने-आण महाग हे नातं बदललेलं नाही. रंग बदलण्याचे चार-पाच गुणाकार फुकटात होतात म्हटलं तरी चालेल; ते करण्यासाठी पिक्सेल आत आणणं आणि बाहेर नेणं महागात पडतं.

थर एकमेकांत न मिसळता

ॲनिमेशन हाताने काढलं जायचं त्या काळात पार्श्वभूमी एका कागदावर आणि पात्रं वेगळ्या पारदर्शक पत्र्यांवर काढत. पात्र हललं की फक्त त्याचा पत्रा बदलायचा. पार्श्वभूमी पुन्हा काढायची गरज नसे, कारण सगळे थर एकावर एक ठेवून कॅमेऱ्यातून पाहिलं की चित्र आपोआप एक दिसायचं.

डिस्प्ले कंट्रोलरमधले प्लेन हे असेच थर आहेत. आजचा कंट्रोलर एकच बफर वाचण्यापुरता मर्यादित नसतो. तो एकाच वेळी दोन, चार किंवा त्याहून जास्त बफर वाचू शकतो. प्रत्येक प्लेनला सांगता येतं की तुझा बफर मेमरीत इथे आहे, त्याचं रूप अमुक आहे, त्यातला एवढा भाग घे, तो स्क्रीनवर या जागी या आकारात दाखव, आणि तू अमक्या थराच्या वर किंवा खाली आहेस. स्क्रीनकडे पिक्सेल पाठवता पाठवता कंट्रोलर प्रत्येक जागेसाठी वरचा थर, खालचा थर पाहतो, पारदर्शकता मिसळतो आणि अंतिम रंग तारेवर सोडतो. मिसळलेलं चित्र मेमरीत कुठेच लिहिलं जात नाही. ते चिपच्या आत क्षणभरासाठी तयार होतं आणि पुढे निघून जातं.

सगळ्यात तळाचा प्लेन साधारणपणे मुख्य असतो, माउसच्या बाणासाठी एक छोटा वेगळा प्लेन असतो, आणि उरलेल्यांना ओव्हरले म्हणतात. माउस हलवताना संपूर्ण स्क्रीन पुन्हा रंगवावी लागत नाही ती याच छोट्या प्लेनमुळे; फक्त त्याची जागा बदलली की झालं.

व्हिडिओसाठी वापरायच्या प्लेनमध्ये दोन गोष्टी असाव्या लागतात: उजेड आणि रंग वेगळे ठेवणारं रूप वाचून त्याचं लाल-हिरवं-निळं करणारं सर्किट, आणि चित्र लहान-मोठं करणारा स्केलर. दोन्ही असतील तर डिकोडरची फ्रेम हात न लावता स्क्रीनवर जाते. स्केलर असल्यामुळे आणखी एक लाभ होतो. १०८० ओळींचा व्हिडिओ फोर-के स्क्रीनवर दाखवायचा तर जीपीयूच्या वाटेने आधी ३३.२ एमबीचं मोठं चित्र बनवून लिहावं लागतं. प्लेनच्या वाटेने मेमरीतून फक्त ३.१ एमबीची मूळ फ्रेम वाचली जाते आणि ती मोठी होते थेट तारेवर जाताना.

फेऱ्या टळल्या की त्यामागोमाग बऱ्याच गोष्टी झोपू शकतात, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. जीपीयूला प्रत्येक फ्रेमसाठी उठवायचं नसेल तर त्याची वीज पूर्ण तोडून ठेवता येते. दर ३३ मिलिसेकंदांनी उठणं, घड्याळ आणि व्होल्टेज वर नेणं, काम संपलं की पुन्हा खाली आणणं, हे सगळं वाचतं. जीपीयूला आदेश तयार करून देणारा प्रोसेसरही जास्त वेळ झोपतो. डिस्प्ले कंट्रोलरकडे स्वतःचा छोटा साठा असतो. तो मेमरीतून एका दमात पिक्सेल भरून घेतो आणि ते संपेपर्यंत मेमरीलाही हलक्या झोपेत जाऊ देतो. मागणी जितकी कमी, तितकी ही झोप लांब. एका नकलेमागे जीपीयू, प्रोसेसर, मेमरी आणि त्यांना जोडणारे मार्ग असे सगळे जागे राहत होते, ते सगळे सुटतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्क्रीनचा स्वतःचा प्रकाश यातून कमी होत नाही. पूर्ण ब्राइटनेसवर उन्हात व्हिडिओ पाहणाऱ्याच्या बॅटरीचा मोठा वाटा तो प्रकाशच खातो, आणि तिथे प्लेनची बचत झाकली जाते. मध्यम ब्राइटनेसवर, घरात, लांबलचक व्हिडिओ पाहताना ती ठळकपणे जाणवते.

जुनी कल्पना, दुसरा जन्म

मेमरीत न मिसळता पाठवता पाठवता मिसळण्याची कल्पना खूप जुनी आहे. १९८२ च्या कमोडोर-६४ मध्ये चित्राची चिप आठ स्प्राइट हाताळायची: पार्श्वभूमीला धक्का न लावता तिच्यावर सरकणारी छोटी चित्रं. त्या काळच्या प्रोसेसरला संपूर्ण स्क्रीन पुन्हा रंगवणं झेपलं नसतं, म्हणून हा मार्ग.

१९९० च्या दशकात पीसीवर व्हिडिओ आला तेव्हा ग्राफिक्स कार्डांत व्हिडिओ ओव्हरले आले, तेही त्याच कारणासाठी: रंग बदलणं आणि चित्र मोठं करणं प्रोसेसरला जड जायचं. खिडकीच्या आत एक ठरावीक रंग भरला जायचा आणि कार्ड त्या रंगाच्या जागी व्हिडिओ दाखवायचं. त्या काळात स्क्रीनशॉट घेतला की व्हिडिओच्या जागी नुसताच रंगीत किंवा काळा चौकोन यायचा, कारण व्हिडिओ त्या चित्रात कधी नव्हताच. लिनक्सवर हेच काम एक्स-व्हिडिओ नावाच्या विस्तारातून होत असे.

पुढे सावल्या, पारदर्शक खिडक्या, सरकणारे परिणाम आले. २००२ मध्ये मॅकवर क्वार्ट्झ एक्स्ट्रीम, काही वर्षांनी विंडोज व्हिस्टा. सगळं जीपीयूवर मिसळायला लागलं आणि पीसीवर ओव्हरले अडगळीत गेले. भिंतीतून वीज घेणाऱ्या डेस्कटॉपवर कुणाचं काही बिघडलं नाही.

फोनने ते परत आणले. २००९ च्या नोकिया एन-९०० मधल्या ओमॅप-३ चिपच्या डिस्प्ले विभागात ग्राफिक्ससाठी एक आणि व्हिडिओसाठी दोन वाटा होत्या. २०११ च्या अँड्रॉइड ३.० मध्ये कोणता थर प्लेनवर जाईल हे ठरवणारा हार्डवेअर कंपोझर आला, विंडोज ८.१ मध्ये २०१३ साली मल्टिप्लेन ओव्हरले आले, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१५ च्या सुमारास ॲटॉमिक पद्धत रुळली, ज्यात सगळ्या प्लेनचे बदल एकत्र, एकाच क्षणी लागू करता येतात. ब्राउझर आणि टूलकिटही (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवून देणाऱ्या लायब्ररी) हळूहळू त्या दिशेने आले. २०१९ च्या फायरफॉक्स ७० ने मॅकवर आपलं चित्र कोअर ॲनिमेशन या मॅकच्याच व्यवस्थेच्या थरांतून द्यायला सुरुवात केली. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या जीटीके या टूलकिटच्या २०२४ च्या ४.१४ आवृत्तीत व्हिडिओची खिडकी वेगळा थर म्हणून कंपोझिटरकडे सोपवण्याची सोय आली.

होकार मिळवावा लागतो

प्लेन आहेत म्हणजे ते वापरले जातीलच असं मात्र नाही. प्लेन मोजके असतात आणि प्रत्येकाला अटी असतात. कुणाला स्केलर असतो, कुणाला नसतो. कुणी एनव्ही-१२ वाचतो, कुणाला फक्त लाल-हिरवं-निळं समजतं. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या आधी एक वाटाघाट होते. अँड्रॉइडवर सरफेसफ्लिंगर सगळ्या थरांची यादी हार्डवेअर कंपोझरपुढे ठेवतो आणि कंपोझर प्रत्येक थरापुढे खूण करतो: हा मी दाखवतो, हा तू जीपीयूने मिसळून दे. लिनक्सवर कंपोझिटर एखादी मांडणी फक्त तपासण्यापुरती ड्रायव्हरकडे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवतो आणि हो किंवा नाही असं उत्तर घेतो. नाही आलं तर कारण कळत नाही. दुसरी मांडणी करून पाहायची. हे काम सोपं करण्यासाठी लिबलिफ्टऑफ नावाची लायब्ररी आहे, जी कोणता थर कोणत्या प्लेनवर बसेल याचे पर्याय कंपोझिटरच्या वतीने तपासते.

नकार कशामुळे येतो, हे ॲप आणि वेब पानं बनवणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण बऱ्याचदा तो त्यांच्या एखाद्या छोट्याशा निर्णयामुळे येतो.

गोल कोपरे हे ठळक उदाहरण. प्लेन हा आयत असतो. व्हिडिओचे कोपरे गोल करायचे म्हटलं की तो आयत राहत नाही, आणि साध्या मार्गाने पाहिलं तर सगळा व्हिडिओ जीपीयूकडे जातो. चार कोपऱ्यांतल्या काही पिक्सेलसाठी ८३ लाख पिक्सेलची नक्कल! यावर एक छान तोडगा आहे. व्हिडिओ वर ठेवण्याऐवजी खाली ठेवायचा आणि वरच्या ॲपच्या थरात त्या जागी पूर्ण पारदर्शक भोक पाडायचं. भोकाचे कोपरे हवे तसे गोल कापता येतात, कारण तो थर ॲपने तसाही रंगवलेलाच असतो आणि तो सारखा बदलत नाही. प्ले-पॉजची बटणं, वेळेची पट्टी हेही त्याच वरच्या थरात राहतात. या मांडणीला अंडरले म्हणतात.

अँड्रॉइडवर ॲपमध्ये व्हिडिओ दाखवण्याच्या दोन तयार चौकटी आहेत. त्यांतला सरफेसव्ह्यू साधारण याच तत्त्वावर चालतो: व्हिडिओचा बफर स्वतंत्र राहतो आणि ॲपच्या खिडकीत त्याच्यासाठी भोक पाडलं जातं. टेक्स्चरव्ह्यू मात्र प्रत्येक फ्रेम ॲपच्या जीपीयूच्या कामात ओढून घेतो. तो वळवायला, विरळ करायला, ॲनिमेट करायला सोपा, म्हणून तो मोहात पाडतो. अँड्रॉइडवरची एक्सोप्लेअर ही व्हिडिओ चालवण्याची लायब्ररी आपल्या मार्गदर्शनात सरफेसव्ह्यू घ्या असं सांगते, आणि विजेचा वापर लक्षणीय कमी होणं हे त्याचं एक कारण देते. सुरुवातीला सांगितलेल्या दोन ॲपमधला फरक अनेकदा या एका निवडीचा असतो.

सबटायटलचंही तसंच. दोन ओळींचा मजकूर वेगळ्या छोट्या थरात ठेवला तर व्हिडिओला धक्का लागत नाही. प्लेअरने तो मजकूर प्रत्येक फ्रेममध्ये जीपीयूने कोरून टाकला तर दोन ओळींसाठी सगळी बचत जाते. व्हिडिओवर लावलेला फिल्टर, त्याच्यावर तरंगणारी धूसर काचेसारखी पट्टी, पॉज केल्यावर व्हिडिओ किंचित फिका करणं: हे सगळे परिणाम खालच्या पिक्सेलचा रंग वाचून नवा रंग काढायला लावतात, आणि काहींचं उत्तर प्लेनकडे नसतं.

स्केलिंगच्या मर्यादा जरा अनपेक्षित आहेत. व्हिडिओ मोठा करणं प्लेनला सोपं जातं, फार लहान करणं जड जातं. फोर-के व्हिडिओ कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दाखवायचा असेल तर स्क्रीनच्या थोड्याशाच ओळी पाठवण्याच्या वेळात कंट्रोलरला मूळ फ्रेमच्या सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. तेवढ्या वेळापुरती मेमरीवरची मागणी उसळते, आणि मागणी पुरवता आली नाही तर स्क्रीनवर चित्र तुटतं. म्हणून ठरावीक प्रमाणापलीकडे ड्रायव्हर सरळ नकार देतो. अशा छोट्या चौकटीसाठी कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ मागवणं हा सगळ्यांच्या हिताचा उपाय आहे: डिकोडरचंही काम कमी, नेटवर्कचंही.

वळवलेल्या व्हिडिओचा प्रश्नही ओळींमुळेच येतो. कंट्रोलर ओळीने वाचतो. चित्र ९० अंशांत फिरवायचं तर त्याला मेमरीत स्तंभाने उड्या मारत वाचावं लागतं. काही चिप बफरच्या विशिष्ट मांडणीत हे करतात, काही करत नाहीत. मांडणीचा मुद्दा एकूणच महत्त्वाचा आहे. डिकोडर फ्रेम ज्या चौकोनी तुकड्यांत किंवा दाबलेल्या रूपात लिहितो, तेच रूप डिस्प्ले कंट्रोलरलाही कळायला हवं. आर्मचं एएफबीसी किंवा क्वालकॉमचं यूबीडब्ल्यूसी ही अशी दाबलेली रूपं. दोघांचं जुळलं तर मेमरीच्या फेऱ्या आणखी घटतात. जुळलं नाही तर मध्ये कुणीतरी रूपांतर करायला उभं राहावं लागतं, म्हणजे परत नक्कल.

सुरक्षित व्हिडिओची गोष्ट वेगळी. सशुल्क सेवांचा उच्च दर्जाचा व्हिडिओ अनेक उपकरणांवर अशा मेमरीत उलगडला जातो, जिथे साध्या प्रोग्रामला डोकावता येत नाही. तो थर डिस्प्ले कंट्रोलर थेट वाचतो. स्क्रीनशॉट काढला की तिथे काळा चौकोन येतो, १९९० च्या दशकातल्यासारखाच, पण आता मुद्दाम.

प्लेन नको असतो तेव्हा

दोन थर एकमेकांवर असतील तर कंट्रोलर दोन्ही वाचतो, खालचा झाकलेला असला तरी अनेकदा वाचतो. तेही प्रत्येक वेळी, सेकंदाला ६० किंवा १२० वेळा. समोर काहीच बदलत नसेल, म्हणजे व्हिडिओ पॉज करून ठेवला असेल, तर तीन थर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा जीपीयूने एकदाच मिसळून एक चित्र बनवणं आणि तेवढंच वाचत राहणं स्वस्त पडतं. अँड्रॉइडच्या दस्तऐवजांतही हे सांगितलेलं आहे. म्हणून चांगला कंपोझिटर काही क्षण हालचाल थांबली की थर एकत्र करतो आणि हालचाल सुरू झाली की पुन्हा वेगळे करतो. काही लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये स्वतःची मेमरी असते. चित्र बदलत नसेल तेव्हा ते आपल्याच मेमरीतून स्क्रीन ताजी ठेवतं आणि चिपकडून येणारी वाहतूकच थांबते.

वाट बदलताना एक धोका मात्र असतो. उजेड-रंगापासून लाल-हिरवं-निळं काढण्याची सूत्रं एकापेक्षा जास्त आहेत: जुन्या टीव्हीच्या व्हिडिओसाठी बीटी-६०१, एचडीसाठी बीटी-७०९. शिवाय व्हिडिओत काळा ० ऐवजी १६ ला आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ ला धरण्याची पद्धत आहे. जीपीयूच्या वाटेवर एक सूत्र आणि प्लेनच्या वाटेवर दुसरं लागलं, तर मेनू उघडताच व्हिडिओची छटा सूक्ष्मपणे बदलते आणि मेनू बंद केला की पूर्ववत होते. स्केलिंगच्या पद्धतीतला फरक कडांच्या तीक्ष्णपणात दिसतो. वीज वाचवण्यासाठी चित्र बिघडवणं कुणालाही मान्य होणार नाही, म्हणून दोन्ही वाटांचं चित्र तंतोतंत जुळवणं हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं किचकट आणि कमी कौतुक होणारं काम आहे.

फ्रेमच्या वेगाशीही याचं नातं आहे. आधीच्या हिशेबात ३० फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झवर दोन-दोनदा वाचला जात होता. स्क्रीनला स्वतःचा वेग व्हिडिओइतका खाली आणता आला, तर प्रत्येक फ्रेम एकदाच वाचली जाते आणि १.१ जीबीचे ०.७५ जीबी होतात. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ॲपला आपल्या व्हिडिओचा वेग सिस्टिमला कळवता येतो. २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर कधी दोनदा, कधी तीनदा दाखवावा लागतो आणि कॅमेरा फिरताना बारीक अडखळ दिसते. वेग ४८ वर आला तर तीही जाते.

तपासायचं कसं

अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत हार्डवेअर ओव्हरले बंद करण्याची सोय असते. ती चालू केली की सगळं मिसळण्याचं काम जीपीयूकडे जातं. तोच व्हिडिओ, तेवढाच ब्राइटनेस, विमान मोड चालू, आणि दोन्ही स्थितींत बॅटरीची घट पाहायची. फरक काहीच पडला नाही तर त्या ॲपचा व्हिडिओ आधीपासूनच जीपीयूच्या वाटेने जात असण्याची शक्यता मोठी. तपासणी झाल्यावर तो पर्याय आठवणीने पूर्ववत करावा. ज्यांना केबल जोडून आदेश देता येतात त्यांना सरफेसफ्लिंगरच्या माहितीत प्रत्येक थरापुढे तो डिव्हाइसने (म्हणजे प्लेनने) दाखवला की क्लायंटने (म्हणजे जीपीयूने मिसळून), हे थेट वाचता येतं.

विंडोजवर प्रेझेंटमॉन हे साधन प्रत्येक खिडकीची फ्रेम कंपोझिटरमधून गेली की हार्डवेअरने थेट दाखवली ते सांगतं. लिनक्सवर इंटेलची चिप असेल तर इंटेल-जीपीयू-टॉप उघडून व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावावा. व्हिडिओ नावाचं इंजिन थोडं काम करत असेल आणि रेंडर नावाचं इंजिन शून्याजवळ असेल तर फ्रेम थेट जात आहेत. रेंडर सतत काम करत असेल तर वाटेत कुणीतरी नक्कल करतं आहे, आणि शोध तिथून सुरू करायचा: आधी सबटायटल बंद करून पाहायचं, मग प्लेअरचे फिल्टर, मग डेस्कटॉपचं स्केलिंग, आणि शेवटी दुसरा प्लेअर.